अंडं तरंगेल इतकं मीठ

अरविंदने निळ्या टबात अंडं सोडलं आणि ते सरळ तळाला जाऊन बसलं. मैनाला उगाचच बरं वाटलं. पण अरविंद काही थांबणारा नव्हता. त्याने खडेमिठाची पुडी फोडली, मूठमूठ मीठ टाकत गेला आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळत राहिला. पहिली पुडी संपली तेव्हा अंडं तळातच जरा हललं. दुसरी निम्मी झाली तेव्हा ते उभं राहिलं, मग हळूहळू वर आलं आणि रुपयाच्या नाण्याएवढं टाळकं पाण्याबाहेर काढून डुलायला लागलं.

"झालं," अरविंद म्हणाला. "आता ह्या पान्यात जो दाना बुडंल तो पास, तरंगंल तो फेल. सिंपल हाय, वहिनी."

अरविंद मैनाचा धाकटा दीर. बावीस वर्षं मुंबईत एका कंपनीत काढून, सगळं बंद पडलं त्या वर्षी बायकोला, रेश्माला, घेऊन वाडीत आला आणि मग राहिलाच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत पंधरा घरांची ही वाडी. शेती त्याने पुन्हा शिकायला घेतली ती मोबाईलवरून. त्यातलं निम्मं खरं निघायचं, म्हणून त्याला कुणी हसायचंही नाही आणि बाकीचं निम्मं खोटं निघायचं, म्हणून कुणी डोक्यावरही घ्यायचं नाही. मोठा भाऊ भरत महाडला कारखान्यात. तो आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा, जेवायचा आणि शेतीचा विषय निघाला की म्हणायचा, "तुमी दोघं ठरवा." त्यामुळे शेती खरी चालायची ती वहिनी आणि दीर यांच्यातच.

भांडण म्हणावं असं काही नव्हतं. होतं ते कोंडीच्या खाचराचं. ओढ्याला लागून असलेल्या त्या पंधरा गुंठ्यांत मैना गेली अठ्ठावीस वर्षं एकच भात लावत आली होती. तांबकुसळ. दाणा जाडसर, आणि प्रत्येक दाण्याच्या टोकाला बोटभर लांब तांबडं कुसळ. लग्नात तिच्या आईने, तुळसाने, शिवथरहून पाठवणीच्या वेळी पेंढ्याच्या छोट्या मुडीत बांधून दिलेलं. दागिने दिले ते अडीअडचणीत कधीच गेले, मुडी मात्र दर वर्षी नवी होत राहिली. आता आई नाही. भाऊ ठाण्याजवळ दिव्याला राहायला गेले, शिवथरचं खाचर पडीक झालं. त्या भागात कुणाकडे हे बी उरलं असेल तर ते मैनाला ठाऊक नव्हतं, आणि तिने चौकशी पुष्कळ केली होती.

अरविंदचंही चुकत नव्हतं. तांबकुसळ उशिरा पिकायची. सगळ्यांची कापणी उरकली की वाडीची गुरं मोकळी सोडायची रीत, आणि मग मैनाच्या एकट्या पिकासाठी कुणीतरी काठी घेऊन पंधरा दिवस ओढ्यावर बसायचं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा अरविंदच. शिवाय कापताना कुसळं सदऱ्यात शिरायची आणि धुऊनही निघायची नाहीत. "माझ्या बनियनमंदी तुमचं म्हायेर घुसतं," असं तो म्हणायचा.

यंदा त्याने ओटीवर चार माणसांदेखत विषय काढला. सगळ्या खाचरांत पिशवीतलं सुधारित बी लावू, एकदम कापू, मोकळे होऊ. मैना म्हणाली, माझ्या बियाण्यात काय खोट हाय ते सांगा. तो म्हणाला, परीक्षा घेऊ. मिठाच्या पाण्याची. नापास झालं तर कोंडीत पिशवीतलं. आणि मैना, जिला आपल्या मुडीची आपल्या हाताच्या रेषांइतकी खात्री होती, ती सगळ्यांसमोर बोलून गेली, "घ्या. बसवते तुमच्या परीक्षेला."

भाताचं बी दोन पावसाळे थांबत नाही. एक वर्ष पेरलं नाही की दमट हवेत त्याचा जीव जातो. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही. हे बोलून झाल्यावर रात्री तिच्या लक्षात आलं.

तर आता टबात आधी पिशवीतलं बी पडलं. गुळगुळीत, पिवळं, एका मापाचं. झरझर खाली गेलं. वर राहिले ते थोडेसे दाणे अरविंदने चहाच्या गाळणीने काढले आणि खालचं बी उपसून वेगळं ठेवलं. मग मीठ कशाला वाया घालवायचं म्हणून त्याच पाण्यात मैनाची पायलीभर तांबकुसळ ओतली.

पाणी दिसेनासं झालं. टबावर तांबडी गोधडी पसरावी तसं सगळं बी वर. अरविंदने ढवळलं, दाबलं, पुन्हा ढवळलं. हात काढला की पुन्हा वर. तळाला गेले ते मूठभरसुद्धा नसतील.

त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद दिसला असता तर मैनाला भांडता आलं असतं. पण तो खरंच वरमला होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "एवढं पोचट आसंल आसं मला वाटलं नव्हतं."

रेश्मा दारातून बघत होती. "मंग कोंबड्यांना घालू काय ता?"

"हात नको लावू गो," मैना म्हणाली. "आधी मीठ तरी धुते."

तिने बी बांबूच्या रोवळीत काढलं आणि न्हाणीजवळ जाऊन बादलीभर साध्या पाण्यात ओतलं. दोन्ही हातांनी चोळत, कुसळांत अडकलेले बुडबुडे काढत राहिली. आणि बघते तर काय, दाणे खाली जायला लागले. वर थोडे राहिले, पण पुष्कळसे खाली.

"भावजी, हितं बुडतंय."

अरविंद येऊन वाकून बघून गेला. "साध्या पान्यात बुडंलच की. परीक्षा कठीन पायजे ना. नायतर सगळेच पहिले येतील."

"मोड आनून दाखवू?"

"मोड येतील. अर्धवट भरलेल्या दान्यालाबी मोड येतात. मंग रोप मरतुकडं निघतं. दाना भरलेला पायजे, वहिनी. वजनदार."

मैनाने एक दाणा दातांखाली धरला. कट्. आत तांदूळ घट्ट, पांढरा, चांगला. दुसरा घेतला. तोही. सहा दाणे चावून झाले, त्यांतला एक पोकळ निघाला. दात सांगत होते एक आणि टब सांगत होता भलतंच. भरतला फोन लावला तर तो म्हणाला, "तुमी दोघं ठरवा." तिने फोन ठेवला, म्हणजे जरा आपटलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती पोलादपूरला गेली. पिशवीत चार पुरचुंड्या आणि घरातलं जुनं मापटं. श्रीपतची भातगिरणी बाजाराच्या टोकाला. श्रीपत साठीचा, भुवयांवर कायम कोंडा, आणि गिरणीच्या आवाजामुळे शेजारच्यालाही ओढ्यापलीकडे उभा असल्यासारखं बोलायची सवय.

"काय गो मैने, आज एवढंसंच?"

"भरडायचं नाय काका. तोलायचं हाय."

तिने मापट्यात पिशवीतलं भात भरलं, बोटाने सपाट केलं आणि काट्यावर ओतलं. तीनशे दहा ग्रॅम. मग तेच मापटं तांबकुसळीने भरलं, सपाट केलं. दोनशे पंचेचाळीस.

मापटं तेच, भरलं तेवढंच काठोकाठ, आणि वजन एवढं कमी. म्हणजे दीर खरं बोलत होता.

श्रीपतला नवल वाटलं नाही. "तुझं भात कायम तसंच. तुझं पोतं आनलंस की हमाल आधी बिचकतो, मग उचलतो नि म्हनतो, आरे, ह्ये तर फुलावानी. पन गिरनीतून तांदूळ कमी नाय पडत कंदी. तूसच जास्त पडतं."

"म्हंजे?"

त्याने मान वळवून कोपऱ्याकडे दाखवलं. दोन पोती उभी होती, एकाच मापाची, तोंडापर्यंत भरलेली. "ता डावीकडचं उचल."

"काका, माझी कंबर..."

"उचल गो."

तिने उचललं. एका हाताने उचललं गेलं. तूस होतं.

"आता उजवीकडचं."

ते हललंही नाही. कणी होती.

"पोतं तेवढंच," श्रीपत म्हणाला. "आत काय बसलंय नि किती दाटीनं बसलंय, त्यावर हाय सगळं. तुसात निम्मी हवाच. तुझ्या दान्यानं जाड तुसाची बंडी घातलीय, त्यावर कुसळाचा तुरा. बंडीच्या आत नि तुऱ्याच्या मधी सगळी हवा. बंडीसकट तोललंस तर हलकंच भरनार. उघडं करून तोल."

बाकीच्या दोन पुरचुंड्यांत तांदूळ होते. एकीत पिशवीच्या बियाण्याचे, गेल्या वर्षीचे, दुसरीत तांबकुसळीचे. तिने आणले होते कशाला ते तिलाच नीट ठाऊक नव्हतं, पण घरून निघताना हात आपोआप डब्यात गेले होते. मापटं भरलं. चारशे वीस. पुन्हा भरलं. चारशे बावीस.

"ह्ये दोन ग्रॅम कुनाचे?" श्रीपतने विचारलं.

"माझ्या आयचे," मैना म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

एस.टी.त खिडकीशी बसून ती विचार करत राहिली. दाण्याचं वजन खोटं नव्हतं आणि पाणीही खोटं नव्हतं. पाण्याला काय, बंडी दिसते ना तांदूळ. दाण्याने एकंदर जागा किती अडवली आणि त्या जागेत जीव किती, एवढंच त्याला कळतं. तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा दाणा जड असला तर खाली, हलका असला तर वर. अरविंदने पाणी जड केलं ते अंड्याच्या मापाने. अंडं गुळगुळीत, त्याला ना बंडी ना तुरा, आणि पिशवीतलं बीही जवळपास तसंच. त्यांच्यासाठी केलेल्या पाण्यात तिचं बी सोडलं. चूक कुठे असेल तर ती मीठ वाचवण्यात होती.

हे तिने घरी आल्यावर सांगितलं तेव्हा अरविंद ओटीवर विडीचं बंडल चाचपत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. वजनं तर त्याने दोनदा ऐकली.

"म्हंजे आता पानी पातळ करायचं," तो म्हणाला. "पोरगं पास होत नाय म्हनून पेपर सोपा काढायचा. वा वहिनी."

रेश्मा आत फिसकन हसली. मैनाला ते लागलं, कारण एस.टी.त तिलाही तेच वाटून गेलं होतं. पाणी किती पातळ केलं की न्याय आणि किती केलं की लबाडी, हे कुणी ठरवायचं? अंड्याने नाही, हे नक्की. मग कुणी?

ती उठून आत गेली आणि कोरडी तांबकुसळ ओंजळभर घेऊन आली. त्यातले दाणे तिने गोणपाटावर टाकून तळव्याने रगडले, कुसळं मोडून काढली, फुंकर मारून उडवली. मग दाणे अरविंदसमोर ठेवले.

"तुमीच निवडा. वीस भरलेले नि वीस पोचट. मी हात लावत नाय."

"उघडल्याबिगर कसं कळनार मला?"

"मोबाईलची बत्ती हाय ना. रेश्मा अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवताना उजेडावर धरून बघते तशी बघा."

अरविंदने मोबाईल उलटा धरला, बत्ती लावली आणि एकेक दाणा तिच्यावर ठेवून बघायला लागला. भरलेला दाणा काळा दिसायचा. पोचट दाण्यातून पिवळा उजेड यायचा. अर्धवट भरलेल्यातून अर्धाच. त्याला गंमत वाटायला लागली हे त्याच्या मानेवरून कळत होतं. रेश्मा चहा घेऊन आली, तो गार झाला तरी त्याची निवड चाललेलीच. शेवटी दोन वाट्या भरल्या. वीस आणि वीस. पोचटांत त्याने मुद्दाम सहा-सात अर्धवटही घातले होते. मैनाने ते पाहिलं.

"आता," ती म्हणाली, "भरलेले टाका कालच्या पान्यात."

वीसच्या वीस तरंगले. बत्तीवर काळेभोर दिसलेले, त्याने स्वतः निवडलेले. अरविंदने एक उचलून नखाने सोलला. आतला तांदूळ टबात टाकला. तांदूळ खाली गेला, सोललेली बंडी वर राहिली.

"घाला साधं पानी," तो म्हणाला.

मैनाने एक तांब्या ओतला, ढवळलं. काही नाही. दुसरा. तिसरा. चौथ्या तांब्याला एक दाणा संथपणे खाली गेला. पाचव्याला चार. सातव्या तांब्याला एकोणीस दाणे तळाला होते आणि एक हट्टी वर फिरत होता.

"आता थांबा," अरविंद घाईने म्हणाला. "आता पोचट टाकू. तेबी खाली गेले ना, तर तुमी हरलात."

"तर मी हरले," मैना म्हणाली. तिने तांब्या खाली ठेवला.

पोचट दाणे पडले. अरविंदने बोटाने फिरवले, त्यांचे बुडबुडे काढले. तिघेही वाकून बघत राहिले. एक खाली गेला. मग दुसरा. मग काही वेळाने तिसरा. मग कुणीच नाही. सतरा पोचट वर राहिले आणि तिथेच गोल फिरत राहिले.

"तिघं कॉपी करून पास झाले," अरविंद म्हणाला.

"मूठभर मीठ टाका नि काढा त्यान्ला वर."

त्याने अर्धी मूठ मीठ टाकलं. दोन वर आले. भरलेले खालीच राहिले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हेच ते पाणी. कौतुकाने की खोडसाळपणे कुणास ठाऊक, रेश्माने मध्येच कालचं अंडं आणून टबात सोडलं. ते तळाला जाऊन आडवं झालं.

"अंडं नापास," ती म्हणाली.

"ता आमटीत घाल," अरविंद म्हणाला. "आना वहिनी, सगळं बी आना."

कालची सुकवलेली पायली आणि मुडीतल्या उरलेल्या तीन पायल्या, सगळं गोणपाटावर रगडलं. कुसळांचा ढीग तांबड्या केसांसारखा बाजूला साठला. मग बी थोडं थोडं टबात सोडलं. मैनाला वाटत होतं, आता सगळं खाली जाईल. काल सगळं तरंगलं तसं आज सगळं बुडेल आणि झालं.

तसं झालं नाही. पुष्कळ खाली गेलं, पण वरही राहिलं. गाळणीने काढता काढता सूप भरलं. चार पायल्यांतली सव्वा पायली तरी असेल. ती वरचे दाणे चावून बघायला लागली. पोकळ. पोकळ. अर्धा. पोकळ. एकदा वाटलं, पाणी अजून एक तांब्या पातळ करावं. पण हे पाणी तिने स्वतः ठरवलं होतं, स्वतःच्या हाताने, आणि ते तिच्याशी एक शब्दही खोटं बोलत नव्हतं.

अरविंदने सूप बाजूला सरकवलं. त्याने टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"गेल्या साली कापनीच्या येळेला पाऊस पडला," ती म्हणाली. "भात आडवं झालं होतं. मी तसंच मुडीत भरलं. निवडलं नाय. आय असती तर एकेक लोंबी हातानं निवडली असती तिनं. मला वाटलं, माझं बी म्हंजे चांगलंच असनार."

"मलाबी माझ्या अंड्याबद्दल तसंच वाटलं होतं," अरविंद म्हणाला.

तिने सूप उचललं आणि स्वतःच अंगणात जाऊन कोंबड्यांपुढे ओतलं. खालचं बी दोनदा साध्या पाण्यातून धुतलं, सावलीत चटईवर पसरलं. पावणेतीन पायल्या. पंधरा गुंठ्यांना पुरणार नव्हतं. दहाला पुरेल.

"वरच्या पाच गुंठ्यांत तुमचं लावा," ती म्हणाली. "पन मधी बांध घाला. माझ्यात मिसळायला नको."

"बांध घालतो. नि ऐका, मला एक मूठ द्या ह्यातली. परसात लावून बघतो, गुरं यायच्या आत पिकतंय काय ते. जरा आधी पेरलं तर."

मैनाने चटईवरचं बी हाताने सारखं केलं. मूठभर म्हणजे किती रोपं, किती लोंब्या, तिच्या डोक्यात हिशेब झाला.

"यंदा नाय," ती म्हणाली. "यंदा एक दाना देनार नाय कुनाला. कापनीला या माझ्यासंगं लोंब्या निवडायला, मंग देते."

"म्हंजे कुसळं परत माझ्याच बनियनमंदी."

"सदरा घालून या," मैना म्हणाली.

तीन दिवसांनी, रोपं करायला भाजलेल्या राबाची राख अजून भुरभुरीत होती तेव्हा, तिने तांबकुसळ पेरली. अरविंदने राबाच्या मधोमध सुतळी ताणून धरली होती, एका टोकाला तो आणि दुसऱ्याला रेश्मा. मैना वाकून ओळीने दाणे सोडत गेली, आणि सुतळीपलीकडे, पिशवीतल्या बियाण्याच्या बाजूला, एक दाणा उडाला तेव्हा ती पेरणी थांबवून तो शोधून अलीकडे घेऊन आली.